स्मारक पायरीसारखं असावं

(दिंडीच्या शताब्दी सोहळ्यात संत तुकारामनगर, पिंपरी येथे झालेल्या भाषणाचा मजकूर)





चालक म्हणाले, शताब्दीचं वर्ष आहे, तुम्ही आज कीर्तन करू नका, दोन शब्द बोला. आम्ही म्हटलं, बोलू. पण आम्ही शेतकरी माणसं, शाळा चौथीपर्यंत. जे काही आलं ते संतांच्या पायाशी बसून आणि मायबापांच्या तोंडून ऐकून आलं. तेव्हा बोलण्यात कमी-जास्त झालं तर पदरात घ्या.

आपण बसलोय त्या वस्तीचं नाव संत तुकारामनगर. एका अंगाला यशवंतराव चव्हाण रुग्णालय, दुसऱ्या अंगाला वल्लभनगरचं एसटी स्टँड, जवळच मोठमोठी कॉलेजं. 2022 साली इथून मेट्रो सुरू झाली, तिच्या स्टेशनालाही तुकोबारायांचंच नाव मिळालं. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून निघालेली पालखी आकुर्डीचा मुक्काम करून याच जुन्या पुणे-मुंबई रस्त्याने पुण्याला जाते. हा पालखी सोहळा तुकोबारायांचे चिरंजीव नारायण महाराज यांनी 1685 साली सुरू केला. वडिलांच्या पादुका पालखीत ठेवल्या आणि लोकांना बरोबर घेऊन चालू लागले. वडिलांची आठवण कशी ठेवावी हे त्यांनी करून दाखवलं. लाखो लोकांना चालायला लावील अशी ती आठवण आहे. आज आम्हाला बोलायचंय ते याच गोष्टीवर. गेलेल्या माणसाची आठवण कशी ठेवावी, आणि तिच्यातून आपल्या लेकरांचं पुढचं शिक्षण कसं व्हावं.

पंढरपूरला महाद्वारात आपण सगळे जातो. तिथं काय आहे? नामदेवरायांची पायरी. एवढे मोठे संत, देवाचे लाडके, पंजाबापर्यंत ज्यांनी नाम नेलं. त्यांनी जागा कुठली मागितली? कळसावरची नाही मागितली. आल्यागेल्या भक्ताचे पाय आपल्याला लागावेत म्हणून दाराची पायरी मागितली. 1350 साली ते तिथं समाधिस्त झाले असं आपली परंपरा सांगते. आज इतकी वर्षं झाली, वारकरी त्या पायरीपुढं वाकतो आणि मगच वर जातो. माउली, स्मारक असावं तर असं. ज्याच्यावरून दुसरा माणूस वर चढतो ते खरं स्मारक.

आता आपल्याकडं बघा. आमचं अर्धं आयुष्य दहाव्याच्या प्रवचनात गेलं. इंद्रायणीच्या घाटावर, भीमेच्या घाटावर पहाटेच जायचं. पिंडाला कावळा शिवायची वाट बघत माणसं बसलेली असतात, आणि तेवढ्या वेळात आपण चार शब्द देवाचे सांगायचे. प्रवचन संपलं की माइकवरून देणग्या जाहीर होतात. गावच्या मंदिराला इतके, सप्ताहाला इतके, भजनी मंडळाला इतके, मराठी शाळेला इतके. ही आपल्या भागाची फार चांगली चाल आहे. मेलेल्या माणसाच्या नावानं चार ठिकाणी पैसा पोचतो. त्याला आम्ही कधी नावं ठेवणार नाही.

पण अलीकडं एक झालंय. आपल्या पट्ट्यात जमिनी कंपन्यांना गेल्या, रस्त्याला गेल्या, प्लॉटिंगला गेल्या. हातात एकदम पैसा आला. मग दहाव्याला मांडव मोठा झाला, रस्त्याच्या दोन्ही अंगाला फलक लागले, वर्षश्राद्धाला पुन्हा तेवढेच फलक. त्या फलकावरचा बाबांचा फोटो आठ दिवस राहतो. नवव्या दिवशी त्याच्यावर दुसऱ्या कुणाचा तरी वाढदिवस चढतो. आम्ही हे डोळ्यांनी बघितलंय. ज्या बापानं जन्मभर कांदा निंदला, चाकणच्या बाजारात रात्र रात्र पिशव्यांवर झोपून काढली, त्याचं नाव आठ दिवसांत उतरलं. पैसा काही थोडा गेला नाही, पण नाव टिकलं नाही आणि कुणी वरही चढलं नाही.

दुसऱ्या अंगाला आपल्याच दिंडीत लेकरं कशी अडतात ते ऐका.

आम्ही चौथीनंतर शाळा सोडली तेव्हा 1972 चा दुष्काळ होता. विहिरीला पाणी नाही, घरात दाणा नाही. आईबाप खडी फोडायच्या कामावर, आम्ही त्यांच्या मागं पाणी द्यायला. त्या वेळी पोटच अडलं होतं, शिक्षणाचा विचार कुणाच्या डोक्यात येणार? आज तसं नाही. आज गावात दहावी होते, बारावी होते. आयटीआय होतो, पोरं डिप्लोमापर्यंत जातात. मग अडतात कुठं? तिथंच, त्याच्या पुढच्या दारात.

डिप्लोमा झाला की इंजिनिअरिंगच्या डिग्रीला थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. आयटीआय झालेल्याला डिप्लोमाची वाट आहे. बारावी झालेल्याला कॉलेजची आहे. नोकरी करता करता शिकायचं तर नाशिकचं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ 1989 पासून आहेच. म्हणजे दारं उघडी आहेत. पण नेमकं त्याच वयात, अठराव्या-एकोणिसाव्या वर्षी, ठेकेदाराचा माणूस येतो. म्हणतो, चल, उद्यापासून लाग, बस दारात येईल, महिन्याला पगार हातात. घरात आजारपण असतं, बहिणीचं लग्न असतं, बोअरचं कर्ज असतं. एकीकडं पगार, दुसरीकडं फी. बाप काय करील? पोरगं स्वतःच म्हणतं, राहू द्या आबा, पुढच्या वर्षी बघू. ते पुढचं वर्ष काही येत नाही.

आमच्या भावकीतला एक पोरगा असाच थांबला. डिप्लोमाला चांगले मार्क, डिग्रीला नंबर लागला होता. प्रवेशाच्या वेळी भरायला पैसे कमी पडले. किती, तर बारा हजार. त्या आठवड्यात कांद्याचे पैसे आले नव्हते. तो कामाला लागला. आज त्याला दहा वर्षं झाली. काम कंत्राटी, मध्येच ब्रेक, पुन्हा नवा ठेकेदार, पुन्हा नवीन म्हणून भरती. मागच्या वारीत सासवडच्या मुक्कामाला आलेल्या दुसऱ्या दिंडीतला त्याचा एक वर्गमित्र फोनवर त्याच्याशी बोलला. तो आता कंपनीत साहेब झालाय. फोन ठेवल्यावर आमचा पोरगा एवढंच म्हणाला, "दादा, मार्क माझे जास्त होते." मायबाप, त्या बारा हजारांची किंमत आता किती झाली याचा हिशेब तुम्हीच करा.

आता कुणी म्हणेल, ही नवी कल्पना काढली महाराजांनी. अजिबात नवी नाही. आपल्या महाराष्ट्रात थोरामोठ्यांनी हे करून ठेवलंय.

मुंबईचे जगन्नाथ शंकरशेट 1865 साली वारले. दुसऱ्याच वर्षी, 1866 साली, त्यांच्या नावानं संस्कृतची शिष्यवृत्ती सुरू झाली. मॅट्रिकला संस्कृतात पहिल्या येणाऱ्याला ती मिळायची. 1912 साली ती चिंतामणराव देशमुखांनी मिळवली. ते पुढं रिझर्व्ह बँकेचे पहिले भारतीय गव्हर्नर झाले, देशाचे अर्थमंत्री झाले. शंकरशेटांना कुणी आज बघितलेलं नाही, पण दीडशे वर्षं उलटून गेली तरी शिकणाऱ्या पोरांच्या तोंडी त्यांचं नाव आहे.

बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी 1913 साली बाबासाहेब आंबेडकरांना अमेरिकेला शिकायला शिष्यवृत्ती दिली. महिन्याला साडेअकरा पौंड, तीन वर्षांसाठी. त्या साडेअकरा पौंडांतून या देशाला काय मिळालं ते आम्ही सांगायची गरज नाही. यात एक गोष्ट ध्यानात ठेवा. एकदा सत्कार करून सोडून दिलं नाही, तीन वर्षांची सोय लावली.

आणि आमच्या मनाला सगळ्यात जास्त भिडतं ते लक्ष्मीबाईंचं. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली कराडजवळ काले गावी रयत शिक्षण संस्था काढली, पुढं साताऱ्यात वसतिगृह चालवलं. सगळ्या जातींची पोरं एका पंगतीला. भाऊराव गावोगाव धान्य आणि पैसा मागत फिरायचे, आणि घरी एवढ्या लेकरांचं जेवण लक्ष्मीबाई बघायच्या. एक एक दागिना मोडत गेला. एकदा भाऊराव बाहेरगावी, पोरांना शिजवायला घरात काही नाही. त्या माउलीनं गळ्यातलं मंगळसूत्र मोडलं आणि पोरं जेवली. सवाष्ण बाईनं जिवंत नवऱ्याचं मंगळसूत्र मोडायचं, त्या काळात! 1930 साली त्या गेल्या. आज रयत शिक्षण संस्थेत त्यांच्या नावाचा शिक्षणनिधी आहे, गरजू मुलांना वरच्या शिक्षणाला त्यातून आधार मिळतो. ज्या बाईनं लेकरांसाठी सोनं मोडलं तिचा पुतळा सोन्याचा करून काय उपयोग होता? तिच्या नावानं पुन्हा लेकरंच शिकली, हेच तिला शोभून दिसतं. त्याच वसतिगृहात वाढलेले बॅरिस्टर पी. जी. पाटील पुढं शिवाजी विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

आपल्या वारकऱ्यांना तर गाडगेबाबा घरचेच. बाबांनी पंढरपुरात धर्मशाळा बांधल्या. त्यातली चोखामेळा धर्मशाळा त्यांनी बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, शिक्षणाच्या कामासाठी. वारकऱ्यांच्या पैशातून उभी राहिलेली वास्तू शिकणाऱ्यांच्या हवाली केली. म्हणजे वारीचा पैसा शिक्षणाला लागला तर देव रागावतो की काय, ही शंका बाबांनी तेव्हाच मिटवली.

आता दुसरी शंका. लोक म्हणतात, सरकार देतं की सगळं. देतं, आणि ते नीट समजून घेतलं पाहिजे. राजर्षी शाहू महाराजांच्या नावाची शुल्क योजना आहे. वर्षाला आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरातल्या मुलांना तिच्यात शिक्षण शुल्काची सवलत मिळते. 2024 पासून मुलींना व्यावसायिक शिक्षणात शिक्षण शुल्क पूर्ण माफ केलंय, तिथंही उत्पन्नाची अट आठ लाखांचीच. डॉक्टर पंजाबराव देशमुखांच्या नावानं वसतिगृह निर्वाह भत्ता आहे, तो अल्पभूधारक शेतकऱ्यांच्या आणि नोंदणी झालेल्या मजुरांच्या पोरांना. बाबासाहेबांच्या नावाची स्वाधार योजना आहे, मागासवर्गीयांची मॅट्रिकनंतरची शिष्यवृत्ती आहे. हीसुद्धा थोर माणसांच्या नावाची स्मारकंच आहेत बघा. बहुतेक अर्ज महाडीबीटीच्या पोर्टलवर भरायचे. त्याला तहसीलचा उत्पन्नाचा दाखला लागतो, रहिवासी दाखला लागतो, आधार जोडलेलं बँक खातं लागतं. आपल्या कित्येक घरांत पोरगं हुशार असतं आणि दाखला मुदतीत निघत नाही, म्हणून सवलत बुडते. म्हणून आमची पहिली विनंती अशी की दिंडीतल्या नोकरीवाल्या पोरांनी मे-जून महिन्यात दोन रविवार द्यावेत आणि या लेकरांचे अर्ज भरून द्यावेत. ह्या दानाला पैसा लागत नाही.

पण सवलत मिळाली तरी काही खर्च उरतोच. शुल्क माफ झालं म्हणजे सगळं माफ झालं असं होत नाही. प्रवेशाच्या वेळची अनामत, परीक्षेची फी, पुस्तकं, एसटीचा पास, खानावळ, आजकाल लॅपटॉप. भत्ता मंजूर व्हायला, खात्यावर यायला वेळ लागतो, आणि प्रवेश नक्की करायला दिवस मिळतात मोजके. भूक आज आणि भाकरी दिवाळीला, अशी गत होते.

दोन वर्षांपूर्वी आपल्या दिंडीतल्या एका मुलीचं असंच झालं. बाप चाकणला ठेकेदाराकडं, आई लोकांच्या शेतात. डिप्लोमा पहिल्या वर्गात, डिग्रीला नंबर लागला, आणि भरायच्या पैशाला चार दिवसांची मुदत. आम्ही तिचं नाव सांगणार नाही. का सांगणार नाही तेही पुढं बोलू. एकादशीच्या भजनाला तिच्या आईच्या डोळ्यांत पाणी दिसलं म्हणून मायबहिणींनी विचारलं. त्या रात्री महिला मंडळाच्या भिशीत जे होतं ते, आणि एका आजीनं आपल्या वारीसाठी डब्यात साठवलेलं, असं मिळून पैसे भरले गेले. त्या आजी आता वैकुंठवासी झाल्या. मुलगी शेवटच्या वर्षाला आहे. आजींच्या दहाव्याला ती घाटावर आली होती, मागं उभी होती, काही बोलली नाही. आम्हाला प्रवचनात त्या दिवशी आजींबद्दल वेगळं काही सांगावं लागलं नाही.

पण माउली, दर वेळी कुणाच्या डोळ्यांत पाणी यायची वाट बघायची का? ते पाणी दिसलं म्हणून बरं झालं. ज्याचं दिसत नाही त्याचं काय? म्हणून शताब्दीच्या वर्षी आपण एक निधी करावा, गेलेल्या वारकऱ्यांच्या नावानं शिष्यवृत्तीचा. ज्याला आपल्या आईबापाच्या नावानं द्यायचं त्यानं द्यावं, आणि ज्यांच्यामागं देणारं कुणी नाही अशा जुन्या वारकऱ्यांच्या नावानं दिंडीनं द्यावं. कसा चालवावा ते आम्हाला सुचलं तसं सांगतो. शहाण्यांनी त्यात दुरुस्ती करावी.

पहिलं म्हणजे बी खायचं नाही. शेतकऱ्याच्या घरात कितीही अडचण आली तरी पुढच्या वर्षाचं बियाणं कणगीत वेगळं असतं. तशी मूळ रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवायची, तिला हात लावायचा नाही, येईल ते व्याज वाटायचं. समजा पाच लाख जमले आणि व्याज सात टक्के धरलं, तर वर्षाला 35 हजार येतात. त्यातले 30 हजार तीन लेकरांना दहा-दहा हजार द्यायचे आणि 5 हजार पुन्हा मुळात टाकायचे. कारण महागाई वाढते, फी वाढते, आणि बी तेवढंच राहिलं तर पीक कमी पडतं. एकदम पाच लाख वाटून टाकले तर एक वर्ष वाहवा होईल. राखून ठेवले तर आपण गेल्यावरही चालेल.

दुसरं, वेळेवर द्यायचं. ऑगस्टमध्ये गुणगौरव, शाल, नारळ, फोटो, हे सगळं गोड आहे. पण पोरगं अडतं जून-जुलैत, प्रवेश नक्की करायच्या दिवशी. पेरणीच्या वेळी पाऊस पाहिजे. सोंगणीला आला तर तो नुकसान करतो. तेव्हा पैसे प्रवेशाच्या वेळी हातात पडले पाहिजेत. आणि पालखीच्या दिवसांत सगळी मंडळी वाटेवर असतात, म्हणून दोन माणसं त्या कामापुरती गावात थांबावीत. त्यांची वारी चुकली असं आम्ही मानणार नाही.

तिसरं, कुणाला द्यायचं. पहिला नंबर आलेल्याचा सत्कार सगळेच करतात. महापालिका बक्षीस देते, क्लासवाले फलकावर फोटो लावतात. आपण बघायचं ते पोरगं साठ-सत्तर टक्क्यांचं, जे शिकू शकतं आणि पैशापायी थांबणार आहे. ज्याचा बाप गेला, जिची आई एकटी राबते, ज्याची जमीन गेली आणि पैसाही गेला. जात विचारायची नाही, धर्म विचारायचा नाही, वारीला येतो का हेही विचारायचं नाही. वाळवंटात आपण एकमेकांच्या पाया पडतो तेव्हा विचारतो का? आणि निम्म्या तरी मुली असाव्यात, कारण पैसा कमी पडला की घरात पहिलं शिक्षण मुलीचं थांबतं.

चौथं, एक वर्ष देऊन सोडायचं नाही. ज्याचा हात धरला त्याचं शिक्षण पुरं होईपर्यंत धरायचा. दहा मुलांना एकेकदा देण्यापेक्षा तीन मुलांना शेवटपर्यंत द्यावं. अर्ध्या वाटेत सोडलेला वारकरी ना घरचा राहतो ना पंढरीचा. पोरानं फक्त दर वर्षी पास झाल्याचा कागद दाखवायचा.

पाचवं, हिशेब. देवाच्या दारात पैशाचा घोळ झाला की शंभर वर्षांचं नाव एका दिवसात जातं. स्वतंत्र खातं, तिघांच्या सह्या, त्यात एक मायबहीण. निवडीला एक शिक्षक बाहेरचा. ज्याच्या घरातल्या पोराचा अर्ज आहे त्यानं त्या दिवशी बैठकीतून उठून जायचं. आणि वर्षातून एकदा, आषाढीहून परत आल्यावर, सगळ्यांपुढं हिशेब मोठ्यानं वाचायचा. चौथी शिकलेल्यालाही कळेल असा वाचायचा.

आणि सहावं, मान. त्या लेकराला व्यासपीठावर उभं करून, हातात मोठा पुठ्ठ्याचा चेक देऊन फोटो काढायचा नाही. गरीब आहे हे काय गावाला सांगायचं असतं? पैसे खात्यावर जावेत आणि बरोबर एक पत्र जावं. पत्रात ज्यांच्या नावानं मदत आहे त्यांची चार ओळींची ओळख असावी. या आजी पस्तीस वर्षं डोक्यावर तुळस घेऊन चालल्या, त्यांना लिहिता वाचता येत नव्हतं, हरिपाठ पूर्ण पाठ होता. एवढं पुरे. मुलीचं नाव आम्ही मघाशी सांगितलं नाही ते यासाठीच. देणाऱ्याचं नाव घेणाऱ्याला कळावं, घेणाऱ्याचं नाव गावभर होऊ नये.

एक जण आम्हाला म्हणाला, महाराज, फुकट कशाला, बँकेचं शैक्षणिक कर्ज आहे की. आहे, ज्याला झेपतं त्यानं जरूर घ्यावं. पण आपण ज्या महाराजांच्या पालखीमागं चालतो त्यांनी काय केलं? घरची सावकारी होती. 1630 च्या सुमाराचा तो भयंकर दुष्काळ, माणसं अन्नावाचून गेली. तुकोबारायांनी आपल्या वाट्याची कर्जखतं इंद्रायणीत बुडवली. लोकांच्या मानेवरचा दोर आपल्या हातानं कापला. ज्यांच्या महाराजांनी कागद बुडवले त्यांनी लेकरांकडून नवे कागद लिहून घ्यायचे का? आपण परत मागायचं नाही. तो कमवायला लागला आणि त्याच्या मनानं घेतलं तर तोच उद्या बी वाढवील. नाही वाढवलं तरी आपलं काही गेलं नाही.

दुसरा म्हणाला, पोरं शिकली की गाव सोडतात, वारी सोडतात, मग दिंडी कशी चालणार? मंडळी, या हॉलमध्ये बघा. निम्मी माणसं नोकरीपायी गाव सोडून या नगरात आलेली आहेत, आणि दिंडीच्या ट्रकचं डिझेल गेली वीस वर्षं हीच भरतात. आणि एखादा नाही आला वारीला, तरी त्यानं कुणाला फसवलं नाही, आईबापाला सांभाळलं, तर त्याची वारी विटेवरच्याला कळते. पुंडलिकानं तर आईबापाची सेवा करत असताना देवालाच थांबायला लावलं.

तिसरी शंका पंगतीची. अन्नदान बंद करायचं का? नाही. पंगत चालू राहील. दिंडीत आलेला माणूस उपाशी झोपणार नाही, हे शंभर वर्षांचं ब्रीद आहे. आमचं म्हणणं एवढंच की दहाव्याला पाच पक्वान्नं असतील तिथं दोन करा, फलक दहा असतील तिथं एक लावा, आणि राहिलेलं या निधीत घाला. जेवलेल्या माणसाला संध्याकाळी पुन्हा भूक लागते. शिकलेलं लेकरू पुढं दहा जणांना जेवू घालतं. दोन्ही दानं पाहिजेत.

चालकांनी शताब्दीसाठी दोन गोष्टी पुढं ठेवल्या आहेत. एक, गावच्या वेशीत दगडी कमान, तिच्यावर शंभर वर्षांतल्या वारकऱ्यांची नावं. दुसरी, हा निधी. आम्हाला विचाराल तर कमानीखालून माणूस जातो आणि आहे तिथंच राहतो, पायरीवरून गेला तर वर जातो. निर्णय सगळ्यांनी मिळून करायचा आहे, आमचा काही हट्ट नाही. पण पुढच्या एकादशीला भजनानंतर वही उघडली जाईल, त्यात आमच्या आईचं नाव लिहा. तिच्या नावानं या हंगामातल्या कांद्याचे 11 हजार रुपये आम्ही देणार आहोत. तिला सही येत नव्हती, अंगठा करायची. पण आम्हाला चौथीपर्यंत तिनंच रोज शाळेत सोडलं.

ज्याला जमेल त्यानं द्यावं. हजार जमले तरी चालतील, शंभरही चालतील. ज्याला पैसे जमत नाहीत त्यानं कुठलं लेकरू थांबणार आहे ते येऊन कानात सांगावं, तेही दानच आहे. जूनच्या आत पहिल्या तीन लेकरांची फी भरली गेली, तर या वर्षीच्या वारीत आपली पावलं हलकी पडतील.